चांगुणेचा इन्कम टॅक्स

टॅक्स चुकवायला धडपडणारी माणसं जगात पोत्यानं सापडतील. टॅक्स लागत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी बाई मात्र एकच झाली, आणि ती आमच्या सोनईची चांगुणा गिरणीवाली. गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली आहे.

बाजारतळाच्या कडेला तिची पत्र्याची गिरणी होती. सकाळी इंजिनाचं पुक्-पुक् सुरू झालं की गावातल्या बायका दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन घराबाहेर पडत. इंजिनाचं ते भलंमोठं चाक चांगुणा स्वतः फिरवायची, पदर कमरेला खोचून. तेच चाक फिरवताना गावातल्या एका पैलवानाची कंबर धरली होती आणि त्यानं कुस्ती सोडून भजनी मंडळ जवळ केलं होतं. दळायच्या दगडी तळ्या गुळगुळीत झाल्या की छिन्नी-हातोडा घेऊन त्यांना टाकी लावायची, तुटलेला पट्टा शिवायचा, तेलाच्या परमिटासाठी नेवाशाला खेटे घालायचे, हे सगळं तीच करी. नवरा गोरक्षनाथ गिरणी घालून तीन वर्षांत तापानं गेला, तेव्हा लोकांना वाटलं होतं, आता गिरणीला कुलूप. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पुक्-पुक् करायला लागलं. लोकांनी नावं ठेवली, पण घरच्या जात्यावर परत कोणी बसलं नाही. तोंडानं नावं ठेवायची आणि हातानं पाटी पुढं सरकवायची, ही गावाची जुनीच चाल आहे.

गोरक्षनाथाचा थोरला भाऊ सहादेव. फेटा पांढराशुभ्र, मिशीला तेल, विहिरीला बारमाही पाणी. शिवाय देवळालीकडच्या गुऱ्हाळांतून गूळ विकत आणायचा आणि इकडं चढ्या भावानं विकायचा, असा जोडधंदा. दोघा भावांच्या चुली गोरक्षनाथ होता तेव्हाच वेगळ्या झाल्या होत्या, पण कागदोपत्री वाटणी राहून गेली होती. चूल मोडायला जावाजावांचं एक भांडण पुरतं. उतारा फोडायला तलाठी गाठावा लागतो. तेवढी सवड कोणाला झाली नाही.

गिरणी घालताना या सहादेवानं दमडी दिली नव्हती. चांगुणेच्या पाटल्या मोडून इंजिन आलं, तेव्हा तो पोट धरून हसला होता. "ह्ये लोखंडाचं भूत भाकर देनार हाय व्हय?" म्हणाला होता. पुढं भूत भाकर द्यायला लागलं, भाकरीवर तूपही पडायला लागलं, आणि भाऊ गेल्यावर सहादेवाला एकाएकी आठवलं की आपण घरातले कर्ते आहोत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बाजाराच्या दिवशी तो गिरणीपुढच्या बाकावर फेटा सावरून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमची गिरनी."

चांगुणा ते ऐकायची आणि दात ओठ खाऊन गप्प बसायची. तिला जीभ नव्हती असं कोणी समजू नये. धान्यात खडे मिसळून वजन वाढवणाऱ्या एका आडत्याला तिनं भर बाजारात असं काही सुनावलं होतं की तो महिनाभर मागच्या गल्लीनं जात होता. पण सहादेव थोरला दीर. आणि धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही त्या घराची रीत. त्याची चाहूल लागली की पदर कपाळावर ओढायचा आणि पाठ फिरवायची. काही सांगायचंच झालं तर मध्ये माणूस घालायचं. हे मधलं माणूस म्हणजे झुंबरबाई. ही म्हातारी गिरणीत पीठ झाडायला आणि पाट्या ओळीनं लावायला असे.

"झुंबरबाई, थोरल्यांना इचारा, च्या घेनार का?"

"थोरलं, च्या घेनार का?"

"घोटभर घीन म्हनावं."

"घोटभर म्हनत्यात, पर कपभर दे. त्यांचा घोट म्या पायलाय."

दोघं चार हातांवर असत, एकमेकांना स्वच्छ ऐकू येई, तरी निरोप झुंबरबाईच्या तोंडून जाई आणि वाटेत तिच्या पदरचं तिखटमीठ लावून घेई. सगळ्या गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खुद्द चांगुणेलाही नाही.

अक्षय्यतृतीया झाली आणि एका बाजाराच्या दिवशी सहादेव बाकावर बसून म्हणाला, "झुंबरबाई, तिला सांगा. गिरनी आप्पासायबांना द्यायची ठरलीय. दसऱ्याचा मुहूर्त हाय. येकत्र कुटुंब हाय, कर्ता म्या हाय. तिनं घरला यावं, चार भाकरी थापाव्या, चार खाव्या. आमाला काय ती जड न्हाई."

आप्पासाहेब हे गावातलं बडं प्रस्थ. जमीन अमाप, वर व्याजबट्टा. गिरणीसमोरची बायकांची रांग पाहून त्यांच्या तोंडाला दोन वर्षं पाणी सुटत होतं.

झुंबरबाईनं पहिल्यांदाच निरोप पोचवला नाही. पोचवायची गरजच नव्हती. चांगुणेचा हात जिथल्या तिथं थांबला होता. वरचं धान्य संपलं आणि तळ्या एकमेकींवर कोरड्या घासून कर्रर्र ओरडायला लागल्या. इतक्या वर्षांत तिनं एकदाही तळ्या रिकाम्या फिरू दिल्या नव्हत्या.

भाकरी थापायला तिला कसली लाज? जन्म त्यातच गेला. पण या गिरणीत तिच्या पाटल्या होत्या, नवऱ्याची उमेद होती आणि त्याच्यामागं तिनं गाळलेला घाम होता. गिरणी गेली असती तर चांगुणा दुसऱ्याच्या चुलीपुढची आश्रित झाली असती, मरेपर्यंत. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मिशनच्या शाळेत दयाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. पांढरं पातळ, काळी छत्री, आणि बोलणं असं की तलाठीही उठून उभा राही. शनिवारी शाळा सुटली की गहू दळायला त्या स्वतः येत. चांगुणेनं त्यांच्यापुढं मन मोकळं केलं.

"गिरणी तुमची आहे हे गावाला ठाऊक आहे," दयाबाई म्हणाल्या, "पण गावाला ठाऊक असून काय उपयोग? सरकारदरबारी तुमचं नाव कुठं आहे? तेलाचं परमिट कोणाच्या नावावर?"

"मालकांच्या."

"ते जाऊन चार वर्षं झाली."

"आता काय सांगावं बाई! मेल्या मानसाला तेल मिळतंय, जित्या बाईला मिळंना."

दयाबाईंना हसू आलं. मग त्यांना काहीतरी आठवलं. "चावडीवर आज गंमत पाहिली. इन्कम टॅक्सची नोटीस लावलीय. वर्षाचं उत्पन्न अमुक रकमेच्या वर असेल त्यानं आपण होऊन सरकारला कळवावं, अशी. नोटिशीपासून पाच-पाच हात लांब उभे राहून लोक वाचत होते, जसा काही तिथं नाग बसलाय."

"काय कळवायचं आसतंय?"

"नाव, धंदा, धंद्याचा मालक कोण, मिळकत किती."

चांगुणेनं सूप खाली ठेवलं. "मालक कोन, ह्ये सरकार इचारतंय?"

"हो."

"आन् आपन सांगंल त्ये लिवून घेतंय?"

"तपासतं, मग लिहितं. आणि टॅक्स घेतं."

"घिऊ द्या की! फुकाट कोन लिवनार हाय?"

दयाबाईंनी छत्री भिंतीला टेकवली आणि त्या पोत्यावर नीट बसल्या. इतका सरळ विचार आपल्याला का सुचला नाही, असं त्यांना झालं असावं. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. एकदा टॅक्स बसला की सरकारच्या दप्तरात मालक म्हणून नाव लागतं. तो कागद दाखवून परमिट आपल्या नावावर मागता येतं. उद्या कोणी तंटा केला तर तो कागद कोर्टात बोलतो. शिवाय टॅक्स भरणाऱ्याला मत देण्याचाही हक्क मिळतो.

"मत? आमच्या थोरल्यांना हाय मत?"

"त्यांना शेतसाऱ्यावर आहे."

"मंग मला बी ऱ्हाऊ द्या येक," चांगुणा म्हणाली, जशी काही बाजारातून वांगी घेत होती.

दयाबाई पगाराच्या कामाला नगरला गेल्या तेव्हा फॉर्म घेऊन आल्या. रविवारी चर्च सुटल्यावर त्या गिरणीत पोत्यावर बसल्या, चांगुणा सांगत गेली, त्या मांडत गेल्या. बाजाराच्या दिवसाची दळणं, सणासुदीची, लग्नसराईची. तेलाचा खर्च वजा, पट्ट्याचा वजा, झुंबरबाईचा पगार वजा. शेवटी त्यांनी टाक खाली ठेवला आणि चेहरा उजळून म्हणाल्या, "चांगुणाबाई, आनंदाची बातमी. थोडक्यात वाचलात. तुम्हाला टॅक्स लागत नाही!"

चांगुणेचा चेहरा पडला. "आसं कसं लागत न्हाई?"

"मिळकत थोडी कमी पडते."

"धडधाकट गिरनी हाय माजी! दिवसभर चालती! त्या कापडवाल्याला लागतुया आन् मला न्हाई? बाईमानूस म्हनून का?" आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. एवढी एक वाट सापडली होती, तीही चार रुपड्यांनी बुजली.

"बाई, जरा तानून लिवा की," झुंबरबाई म्हणाली. "सरकारला काय कळतंय?"

"नाही," दयाबाई म्हणाल्या. "कमी लिहायचं नाही आणि जास्तही लिहायचं नाही. खोट्या कागदावर खरं नाव कशाला लावायचं?"

झुंबरबाईला गप्प बसायची सवय नव्हती, त्यामुळं तिनं कोपऱ्यातल्या कणगीतले दाणे उगाच चिवडायला घेतले. आणि चिवडता चिवडता म्हणाली, "आन् ह्यो दाना? ह्यो धरला का?"

ज्या बायकांच्या पदरी पैसा नसे त्या दळणापोटी ओंजळ-दोन ओंजळी दाणे टाकून जात. ते कणगीत साठत आणि बाजाराच्या दिवशी चांगुणा ते विके. पैसा हातात येई तेवढीच मिळकत, असं ती धरून चालली होती. दाणे म्हणजे दाणे, त्यांना कोण उत्पन्न म्हणतं?

"अहो, हेसुद्धा उत्पन्नच!" दयाबाईंनी टाक उचलला. पुन्हा बेरीज झाली. चांगुणा श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडं पाहत होती.

"लागला," दयाबाई म्हणाल्या.

"लागला?"

"लागला. थोडाच, पण लागला."

चांगुणेनं आनंदानं झुंबरबाईला मिठी मारली, दोघी पिठानं माखल्या. झुंबरबाई गुळाचा खडा घेऊन बाहेर धावली. रस्त्यानं जाणाऱ्या बायकांनी विचारलं, काय झालं? "चांगुनेला टॅक्स लागला!" ती म्हणाली. बायकांनी तोंडावर हात ठेवला. "आगं माय! कवा?" एक-दोघी तर सांत्वनाला आतही आल्या, आणि हातात गूळ पडल्यावर बुचकळ्यात पडून परत गेल्या.

अंगठा तीनदा घ्यावा लागला. अंगठ्याच्या रेषांमधून पीठ काही हटेना आणि शाई धरेना. शेवटी दयाबाईंनी रुमाल ओला करून तिचा अंगठा पुसला, तेव्हा कुठं कागदावर चांगुणा उमटली. रजिस्टर टपालानं कागद नगरला गेला.

गावात हसून हसून लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. आपणहून पायावर धोंडा पाडून घेणारी बाई, असं जो तो म्हणायला लागला. सहादेवही बाकावर बसून हसला. "भरू द्या की येक साल. दसऱ्याला गिरनी आप्पासायबाची. मंग त्यांचं त्ये आन् सरकार." आप्पासाहेबांना मात्र हे हसू फारसं रुचलं नाही.

पोळा झाला आणि इन्कम टॅक्सचे साहेब तपासणीला येणार असा सांगावा आला. त्या सकाळी सोनईत जे झालं ते पुन्हा कधी झालं नाही. बाजारपेठ एका रात्रीत भिकेला लागली. कापडवाल्यानं निम्मे तागे सासुरवाडीला धाडले आणि फाटकं धोतर नेसून दुकानात बसला. सराफानं दुकानाला कुलूप लावून कपाळावर पट्टी बांधली. एका शिंप्यानं तर शिवणयंत्र कडब्याच्या गंजीत लपवलं, आणि ते तिथं आहे हे विसरून त्याच्या बायकोनं गाईला कडबा ओढला, तर यंत्राचं चाकच बाहेर आलं.

साहेब किडकिडीत, चष्म्याचे आणि अर्धशिशीचे. चावडीत दुपारपर्यंत त्यांच्यासमोर एकामागून एक फाटकी माणसं आली आणि रडगाणी गाऊन गेली. शेवटी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "या गावात सकाळपासून माझ्यासमोर पोटभर जेवलेला एकही माणूस आलेला नाही," ते म्हणाले. "आता ज्यांनी आपण होऊन कळवलंय त्यांना बोलवा." कारकुनानं यादी पाहिली आणि एकच नाव पुकारलं. "चांगुणाबाई, भ्रतार मयत गोरक्षनाथ!"

चांगुणा पुढं आली. नवं लुगडं नेसली होती, सकाळपासून उत्तरं घोकत होती. मालक कोण? मी. गिरणी कोणी घातली? मालकांनी आणि मी, माझ्या पाटल्या मोडून. सगळं तिला पाठ होतं. दयाबाईंना शाळा होती म्हणून त्या आल्या नव्हत्या, पण सोबतीला झुंबरबाई होती.

ती साहेबांसमोर उभी राहिली, आणि तिला डाव्या बाजूला पांढरा फेटा दिसला. सहादेव बसला होता. शेजारी खांबाला टेकून आप्पासाहेब. झालं. हात आपसूक वर गेला, पदर कपाळावर आला आणि दातखीळ बसली.

"बाई, गिरणी कोणाची?"

चांगुणेनं पदर आणखी पुढं ओढला.

"सायेब, ती म्हनती..." झुंबरबाईनं सुरुवात केली.

"तुम्ही कोण? मध्ये कोणी बोलायचं नाही. जिचं तिनं सांगायचं. बाई, गिरणीचा मालक कोण?"

तिनं मनात स्वतःला काय काय शिव्या घातल्या असतील! एवढं एक अक्षर. मी. ते घशाशी येत होतं आणि परत जात होतं. आडत्याला झोडपणारी जीभ आज टाळूला चिकटली होती. आपण आपल्याच हातानं गिरणी घालवतोय हे तिला कळत होतं, पण थोरल्यांसमोर तोंड उघडायचं म्हणजे काय, हे जी बाई सासरी नांदली नाही तिला कळायचं नाही.

साहेबांनी वाट पाहिली आणि ते उतारा चाळायला लागले. "बाई बोलत नाहीत. उताऱ्यावर तर नावं एकत्र दिसतात. यातले सहादेव कोण?"

सहादेव उठला. याच घटकेसाठी तर तो फेटा बांधून आला होता. छाती पुढं काढून म्हणाला, "म्या जी. थोरला दीर. घरातला कर्ता."

"कुटुंब एकत्र आहे?"

"व्हय जी, येक..."

"बरं झालं." साहेबांनी दौतीत टाक बुडवला. "म्हणजे गिरणी कुटुंबाची. टॅक्स तुमच्या नावावर. मग कुटुंबाचे बाकीचे धंदेही यातच धरायचे. शेतीला टॅक्स नाही. पण तुम्ही देवळालीचा गूळ आणून विकता असं मघाशी कोणी तरी बोललं. किती वर्षं विकता? मागच्या सालांचा हिशेब आहे का? कळवलं का नाही?"

"येक..." सहादेवाच्या घशात ते अक्षर तसंच अडकलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मिशीवरचं तेल वितळून खाली यायला लागलं. "येकत्र न्हाई जी!"

"आत्ता तर हो म्हणालात."

"म्हनायला गेल्तो, येक काळी हुतं. भाऊ जिता हुता तवाच आमी येगळं झालो. चूल येगळी, धंदा येगळा. गिरनीशी माजा काडीचा संबंध न्हाई!"

"मग गिरणी कोणाची?"

"तिची जी! समदी तिची! तिच्या पाटल्या मोडून आन्लेली हाय. म्या दमडी दिली न्हाई, वर हसलो हुतो, आख्ख्या गावाला इचारा. खंडोबाची आन!"

जन्मात पहिल्यांदा सहादेव इतक्या पोटतिडकीनं खरं बोलत होता. चावडीतल्या लोकांनी "व्हय व्हय, हासला हुता," म्हणून माना डोलावल्या. पदराआड चांगुणेचे डोळे एवढे मोठे झाले. जे तिच्यानं एका अक्षरात सांगवलं नाही ते हा माणूस गळ्याशपथ ओरडून सांगत होता.

"विभक्त असल्याचा जबाब लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले. "यांची सही घ्या. साक्षीदार कोणी मोठा माणूस हवा. ते खांबामागं कोण आहेत?"

आप्पासाहेब खांबामागून निसटायच्या बेतात होते. त्यांना पुढं यावं लागलं. "तुमचा गिरणीशी काही व्यवहार आहे का?" असं साहेबांनी सहज विचारलं.

"माजा? छे छे! मला पिठाचा वास बी सोसत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले आणि आपल्या व्याजबट्ट्याचा विषय निघायच्या आत झरझर सही करून मोकळे झाले.

"बाई, हे सगळं खरं ना?" साहेबांनी शेवटी विचारलं. चांगुणेनं मान हलवली. "मानेनं चालेल," ते म्हणाले. "गूळवाले, तुम्ही जाऊ नका. तुमचा हिशेब वेगळा घ्यायचाय."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी टपाल आलं. दयाबाईंनी कागद वाचून दाखवला. धंदा, पिठाची गिरणी. मालक, चांगुणाबाई. टॅक्स इतका, अमुक तारखेच्या आत भरावा. "पुना वाचा," चांगुणा म्हणाली. दयाबाईंनी पुन्हा वाचला. "पैशाचं ऱ्हाऊ द्या. त्ये मालकाचं तेवढं वाचा." मग ती पोत्यावर बसून रडली, आणि ते रडणं सुखाचं होतं. आजवर कोणी कागदावर एखादी गोष्ट नुसत्या तिच्या नावानं तिची म्हटली नव्हती, आणि म्हटली ती कोणी, तर सरकारनं.

दसऱ्याला इंजिनाला झेंडूची माळ, चाकाला हळदकुंकू. बायका दळणं घेऊन आल्या होत्या, सणाची गर्दी होती. इतक्यात पांढरा फेटा दिसला. मागं बरंच अंतर राखून आप्पासाहेब. सहादेव बाकापाशी उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "झुंबरबाई, तिला सांगा. सायेब आला तवा बोलायचं त्ये बोललो. आता सायेब गेला. घरातली गोष्ट घरात. आज मुहूर्त हाय, किल्ली द्या म्हनावं."

रांगेतल्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. झुंबरबाई चांगुणेकडं वळली.

चांगुणेनं इंजिन बंद केलं. पुक्-पुक् थांबलं तसा सगळा बाजारतळ एकदम शांत झाला. कपाळावरचा पदर तिनं मागं सारला, हात पुसले आणि बाहेर येऊन ती सहादेवासमोर उभी राहिली, पाठ न फिरवता.

"झुंबरबाई, तुमी बसा. तुमचं काम झालं," ती म्हणाली. मग सरळ त्याच्याकडं बघून, "थोरलं, चावडीत समद्या गावाम्होरं तुमी खंडोबाची आन घिऊन सांगितलं, आपन येगळं. ज्या घरात थोरल्या दिराम्होरं बोलायचं न्हाई आशी रीत हाय, त्या घरातनं तुमीच मला येगळं काढलं. आता माजं घर माजं, रीत बी माजी. म्हून बोलते. किल्ली मिळनार न्हाई."

इतक्या वर्षांत सहादेवानं तिचा आवाज असा समोरून ऐकलाच नव्हता.

"आन् परत येकत्र व्हायचं आसंल तर माजी ना न्हाई," ती पुढं म्हणाली. "दयाबाईंना सांगून सायबाला आजच कार्ड टाकते. गुळासकट येकत्र हू."

एवढं ऐकलं आणि आप्पासाहेबांना कोणाला तरी सोनं द्यायचं राहिल्याची आठवण झाली. ते जे गेले ते पुन्हा पिठाच्या वासाला आले नाहीत. सहादेव एकटाच उभा राहिला, हातात आपट्याची पानं घेऊन. रांगेतली एक पोरसवदा बाई फिसकन हसली, मग दुसरी हसली, मग सगळी रांग.

चांगुणा मात्र हसली नाही. तिनं झुंबरबाईच्या सुपातलं आपट्याचं पान उचललं, ते सहादेवाच्या हातावर ठेवलं आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. "सोनं घ्या," ती म्हणाली, "आन् दळन आसंल तर पाटी रांगंत ठिवा."

ती आत गेली, पदर खोचला आणि चाकाला हात घातला. एका हिसक्यात इंजिन पुक्-पुक् करायला लागलं. सहादेव अजून तिथंच घुटमळत होता. शेवटी त्या आवाजावर आवाज चढवून, मध्ये कोणालाही न घालता, त्यानं जन्मात पहिल्यांदा तिला सरळ विचारलं, "दळनाचा भाव काय हाय?"

"समद्यांना हाय त्योच," मालकीण म्हणाली.